हीटर नको, विसण घ्या

प्रश्न : डिसेंबरात आम्ही चौघं आमच्या सात आसनी गाडीने भंडारदऱ्याला जाऊन दोन रात्री तंबूत राहणार आहोत. बाबा ७२ वर्षांचे. आंघोळ झाल्याशिवाय चहा घेत नाहीत आणि गार पाणी त्यांना अजिबात सोसत नाही. गाडीच्या लायटर सॉकेटवर चालणारा हीटर, उन्हात तापणारी काळी पिशवी आणि गॅस गिझर यांपैकी काय घ्यावं?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : हीटर आधी बाद करा. मी तो एकदा घेतला होता, म्हणून सांगते. रतनवाडीला रात्री झोपताना बादलीत सोडला. पहाटे पाणी कोमट आणि गाडी मुकी. गावातल्या चार पोरांनी धक्का मारला तेव्हा सुरू झाली. त्यातल्या एकाने विचारलं, "काकू, आंघोळ झाली का?" झाली नव्हती.

नंतर हिशेब मांडला, तो आधीच मांडायला हवा होता. १६ लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण ४६५ वॅट-अवर ऊर्जा लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ती घ्यायची तर जवळजवळ ३९ अँपिअर-अवर, म्हणजे तुमच्यासारख्या गाडीची अर्धीअधिक बॅटरी, मग गाडी सुरू होईल याची खात्री नाही. शिवाय त्या सॉकेटमधून दीडशे वॅटच्या आसपासच वीज घेता येते, त्यामुळे तेवढं पाणी तापायला तीन तास. बॅटरीवर पंप चालवावा, पाणी तापवू नये.

काळी पिशवी वाईट नाही. दुपारभर टपावर ठेवली तर संध्याकाळी छान गरम पाणी मिळतं. रतनगड उतरून आल्यावर ते अंगावर घेण्यासारखं सुख नाही. पण बाबांची आंघोळ सकाळची, आणि भंडारदऱ्याच्या डिसेंबरातल्या रात्रीनंतर त्या पिशवीला हात लावायलाही धीर लागतो. शिवाय २० लिटरची पिशवी भरली की २० किलोची होते, ती डोक्याच्या वर कुठल्या फांदीला टांगणार?

गॅस गिझरला वाहत्या पाण्याचा दाब लागतो, तो नसेल तर पेटतच नाही. म्हणजे वेगळा पंप आला, नळ्या आल्या. दोन रात्रींसाठी एवढा संसार कशाला? आणि थंडी वाजते म्हणून लोक तो कपडे बदलायच्या तंबूत आत ओढून घेतात. बंद बाथरूममध्ये गिझरच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. चेन लावलेला तंबूही बंद बाथरूमच. कुठलीही ज्योत असो, तंबूत नाही, गाडीतही नाही.

मी आता काय करते ते सांगते. आजीच्या घरी बंबाचं कढत पाणी घंगाळात काढून त्यात विसण, म्हणजे बेताचं गार पाणी, घालायचे, तेच. फक्त घंगाळाच्या जागी शेतकऱ्यांचा पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरीवाला फवारणी पंप. कृषी सेवा केंद्रात मिळतो. नवाच घ्या. शेतात वापरलेला, कितीही धुतला तरी नको. त्याचं फवारणीचं नोझल काढा, कारण त्या बारीक तुषारांचं पाणी अंगापर्यंत पोचेतो गार होतं. तिथे झारीसारखं मोठ्या भोकांचं तोंड बसवून घ्या. पंपाची बॅटरी स्वतःची असते, गाडीला त्रास नाही.

आधी पंपात ११ लिटर गार पाणी ओता, मग वरून ५ लिटर उकळतं. क्रम उलटा केलात तर प्लॅस्टिक आणि वॉशर दोन्ही रुसतात. झाकण लावून जरा हलवा, कोपर बुडवून बघा. सुमारे ४० अंशांचं पाणी होतं, आणि एका पंपात दोघांच्या आंघोळी आरामात होतात. बाबांना बसायला प्लॅस्टिकचं स्टूल न्या. आंघोळ गाडीच्या वाऱ्याआडच्या बाजूला, डिकीचं दार वर करून त्यावर चादर सोडली की झाली मोरी.

पाणी उकळायला पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि शेगडी पुरे. पातेल्यावर झाकण हवंच, आणि शेगडीला वाऱ्याचा आडोसा. ५ लिटरला अर्धा तास लागतो, गॅस शंभरेक ग्रॅम. प्रवासात सिलिंडर उभा ठेवा, रेग्युलेटर काढून टोपी लावलेली.

साबणाचं पाणी जलाशयात जाऊ देऊ नका. काठापासून निदान ६०-७० मीटर लांब आंघोळ करा. त्याच पाण्यावर खालची गावं आहेत.

एवढं सगळं नको असेल तर गावात विचारा. मला गेल्या वेळी एका घरी चुलीवरचं पाणी बादलीभर मिळालं, धुराच्या वासासकट, आणि ते माझ्या पंपापेक्षा चांगलं होतं.

शेगडी मात्र दोन बर्नरची न्या. एकच असेल तर बाबांचं पाणी उकळेपर्यंत बाकी तिघांना चहा नाही.