स्लॅब वर्षभर थांबेल, पोराची तपासणी आत्ताच करा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगा साडेचार वर्षांचा. आठ-दहा शब्दच बोलतो, हाक मारली तर वळत नाही, पण कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून पलंगाखाली शिरतो. तुमच्या शिलाई मशीनपाशी बसून बॉबिन रंगाप्रमाणे ओळीत लावतो आणि त्यातली एक जरी हलली तरी रडून घर डोक्यावर घेतो. बालवाडीच्या बाईंनी ‘एकदा दाखवून घ्या’ म्हणून सांगितलंय. पुण्यातल्या एका सेंटरनं सगळ्या तपासणीचे १६ हजार सांगितले, जाण्यायेण्यासकट २० धरू. सासूबाई म्हणतात, ह्याचा बापही उशिराच बोलला. मिस्टरांचं म्हणणं, दिवाळीत भिशीचे १ लाख येतील त्यात घरावर स्लॅब टाकू, पोरगं पहिलीत गेलं की बघू. आणि तुम्ही विचारताय, पतसंस्थेतली १ लाख २० हजारांची ठेव मोडू का?

ठेव मोडू नका. तपासणी मात्र पहिलीपर्यंत अजिबात लांबवू नका.

घरात वाद चाललाय तो २० हजारांवरून. मला काळजी आहे ती त्याच्या पुढच्या खर्चाची. कोल्हापुरात राजारामपुरीत स्पीच थेरपीच्या (बोलण्याच्या उपचाराच्या) एका सेशनला ५०० रुपये घेतात असं तुम्ही लिहिलंय. आठवड्याला दोन सेशन धरले तरी वर्षाचे ५२ हजार होतात. सोबत ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार, लागली तर ते वेगळे, आणि हे एका वर्षात संपेलच असं नाही. मिस्टरांचा पगार ३१ हजार, तुमच्या शिलाईचे सात-आठ हजार. यातून महिन्याला साडेचार हजार निघू शकतात, पण भिशी स्लॅबमध्ये गेली आणि वर सिमेंट-सळीची उधारी झाली तर निघणार नाहीत. स्लॅबचं काम ठरलेल्या पैशात क्वचितच भागतं, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून भिशीचे पैसे आले की त्यातले ६० हजार वेगळ्या बचत खात्यात टाका आणि ते फक्त पोरासाठी ठेवा. पत्र्याच्या घरात अजून एक पावसाळा काढता येईल. मेंदू झपाट्यानं घडण्याची ही वर्षं मात्र परत येत नाहीत, आणि पोरगं सात वर्षांचं झालं म्हणून थेरपी स्वस्तही होणार नाही.

आता पुण्याचं. तिथं आधी जाऊ नका, आधी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात जा. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासतात आणि पुढची तपासणी व उपचार मोफत असतात. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तुमचा मुलगा खासगी बालवाडीत जातो, त्यामुळे बहुतेक त्यातून सुटला असावा. सीपीआरच्या बालरोग विभागात जाऊन याच कार्यक्रमातल्या ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’ची चौकशी करा. कानांची तपासणी आधी होऊ द्या. शिट्टी ऐकू येते म्हणजे बोलणं नीट ऐकू येतं असं नसतं. घरी तो कसा खेळतो, हाक मारल्यावर काय करतो, याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या. नव्या खोलीत, नव्या माणसांपुढं मूल वेगळंच वागतं.

सीपीआरपासून सुरुवात करायला सांगतोय त्याला पैशाचंही कारण आहे. उद्या निदान ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) आलं आणि सवलती घ्यायच्या झाल्या, तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी यंत्रणेकडूनच लागतं. पुण्याचा खासगी रिपोर्ट कितीही जाडजूड असला तरी तेवढ्यावर ते मिळत नाही. प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ या आरोग्य विमा योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत येतो. तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तो सहसा येत नाही. आयकरातल्या ७५ हजारांच्या वजावटीबद्दल कुणीतरी सांगितलंय, पण तुमच्या उत्पन्नावर करच बसत नाही, तो विषय सोडून द्या.

गर्दीमुळे सीपीआरची तारीख दीड-दोन महिन्यांपलीकडची मिळाली तर थांबू नका, खासगीत जा. त्याआधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (तपासणी करणारे मानसतज्ज्ञ) आणि स्पीच थेरपिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. लेखी रिपोर्ट मिळणार का, हेही विचारा. हे २० हजार शिलाईच्या पैशातून आणि ठेवीवरच्या छोट्या कर्जातून भागतील. भिशी आली की कर्ज फेडून टाका. सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा, महिन्याच्या महिन्याला द्या. आणि ऑटिझम बरा करतो म्हणून स्टेम सेलसाठी कुणी लाखांत आकडा सांगितला तर तिथून उठून या. त्या उपचाराला मान्यता नाही.

भाऊजींनी सुचवलंय की निदानाआधी नवा मेडिक्लेम काढून टाकावा. तसं करू नका. फॉर्मवर आजाराबरोबर लक्षणं आणि कुणी दिलेला सल्लाही विचारतात. लपवलं तर क्लेमच्या वेळी अंगाशी येतं.

शिक्का बसेल ही सासूबाईंची भीती मला कळते. पण तपासणीचा रिपोर्ट तुमचा असतो, शाळेला दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं. प्रमाणपत्र काढायचं की नाही, तेही तुमच्याच हातात. कदाचित नुसतं बोलणं उशिरा असल्याचं निघेल. तसं झालं तरी २० हजार वाया गेले असं मी म्हणणार नाही, कारण नेमकी कोणती थेरपी लागते आणि कोणती नाही, हे तरी कळेल.

सीपीआरला जाताना मिस्टरांना सुट्टी घ्यायला लावा. डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या कानावर थेट गेलं तर घरी येऊन तुम्हाला परत समजावत बसायला लागणार नाही. थेरपीचा महिन्याचा खरा आकडा कळला की मला कळवा. तुमची म्युच्युअल फंडातली महिन्याची २ हजारांची एसआयपी चालू ठेवायची की वर्षभर थांबवायची, ते तेव्हा ठरवू.