विश्वाबद्दलच्या जुन्या कल्पना वाचायला घेताय?

‘जुने लोक भाबडे होते’ हे आधी डोक्यातून काढा. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या विश्वात ज्याची त्याची जागा ठरलेली. दगड खाली पडतो, कारण त्याची जागाच खाली. चंद्राच्या वर सगळं अविकारी, म्हणजे कधीच न बदलणारं; तिथे सगळं फिरतं ते फक्त वर्तुळांत. पुढे टॉलेमी या खगोलतज्ज्ञाने याच वर्तुळांवर वर्तुळं चढवून ग्रहगणित असं जमवलं की ते हजारभर वर्षं चाललं!

सुरुवात न्यूटनपासून नको, केप्लरपासून करा. हा खगोलतज्ज्ञ गडी जुन्या आणि नव्या, दोन्ही विश्वांत पाय ठेवून उभा. १५९६ मध्ये त्याने ग्रहांच्या कक्षा पाच सुसम घनाकृतींत (सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या आकारांत) बसवल्या. देव भूमितीनेच विश्व घडवतो, ही त्याची श्रद्धा. पुढे आकाशाचा निरीक्षक टायको ब्राहे याच्या मंगळाच्या नोंदींशी केप्लरचं वर्तुळावर बेतलेलं गणित जुळेना. फरक फक्त ८ कलांचा (एका अंशाच्या ६० कला), म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव. दुसऱ्या कुणी कानाडोळा केला असता. याने वर्तुळच सोडलं आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडलं. (हे प्रकरण घाईने उरकू नका, सगळी गंमत इथेच आहे.)

१६८७ मध्ये न्यूटनने दगड आणि चंद्र एकाच नियमात बांधले; वरचं-खालचं हा भेदच संपला. पण म्हणून त्याला नास्तिक समजू नका, तो चांगला आस्तिक होता.