आजीची वही आणि तुझा पेपर

(बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. तिची आजी १९५० च्या दशकात मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली. त्या वेळची प्रसूतींच्या नोंदींची वही आजीच्या ट्रंकेत सापडली. तिच्यावर पेपर लिहून परिषदेत मांडावा असं तिच्या मनात आहे. कॉलेजात मात्र 'क्लिनिकल विषय घे' असं सांगतात आणि वडील विचारतात, 'इतिहासाला नोकरी कोण देणार?' तिला दिलेलं हे उत्तर.)

प्रिय मुली,

आधी बाबांच्या प्रश्नाचं बोलू, कारण तो खरा आहे. 'नर्सिंगचा इतिहासकार' अशी जागा भरायची जाहिरात मी आजवर आपल्याकडे पाहिलेली नाही. म्हणून रजिस्ट्रेशन कर, स्टाफ नर्सची नोकरी धर, अनुभव घे, मग एम.एस्सी. कर. पुढे ट्युटर झालीस, पीएच.डी.कडे वळलीस, तर आज केलेलं काम तिथे उपयोगी पडेल. आणि शेवटच्या वर्षाचा संशोधन प्रकल्प कॉलेज म्हणतं तसा क्लिनिकल विषयावरच होऊ दे. त्यावरून मॅडमशी वाद घालू नकोस. आजीची वही त्या प्रकल्पाच्या चौकटीत बसणार नाही, तिच्यासाठी वेगळा वेळ काढ.

वॉर्ड सोडू नकोस म्हणते त्याला पगाराखेरीज दुसरंही कारण आहे. वहीच्या पानाचा जो फोटो तू पाठवलास, तो मी दोनदा पाहिला. तारीख, बाईचं नाव, कितवी खेप, मूल मुलगा की मुलगी, वजन. शेवटच्या रकान्यात बारीक फुल्या. मला त्या फुल्यांतून काहीच कळलं नव्हतं. तू मात्र सहज लिहून गेलीस, 'बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घातल्याची ती खूण. आईला गनोरिया (लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग) असेल तर बाळाचे डोळे जाऊ नयेत म्हणून घालायचे. पण सलग चार नोंदींपुढे फुली नाही.' अगं, हाच तुझा पेपर! त्या चार वेळी थेंब संपले होते का? की रात्रपाळीला एकटी असताना लिहायचं राहिलं? औषध आणायचं कोणी, कुठून, किती दिवसांनी? नुसता इतिहास शिकलेला माणूस त्या रकान्यावरून पुढे गेला असता. तू थांबलीस, कारण लेबर रूममध्ये तू स्वतः नोंदी ठेवल्या आहेत.

आता पत्रात तू कळवलेला विषय: 'नाइटिंगेल ते आजची परिचारिका'. हा सोडून दे. काही वर्षांपूर्वी एका परिषदेत एक गुणी मुलगी असाच विषय घेऊन उभी राहिली होती. क्रायमियाच्या युद्धातली फ्लॉरेन्स नाइटिंगेल, तिचं स्कुटारीचं इस्पितळ, तिची १८६० ची लंडनमधली नर्सिंगची शाळा यातच तिची बारा मिनिटं गेली. तिने आपल्या जिल्ह्यातल्या एका निवृत्त मेट्रनची मुलाखत घेतली होती, ती सुरू होते न होते तोच वेळ संपल्याची घंटा वाजली. सभागृहातल्या कोणाला माहीत नसलेली गोष्ट तेवढी एकच होती. मला अजून त्याची हळहळ वाटते.

तुझा प्रश्न लहान हवा. एक वही, एक हॉस्पिटल, तीन-चार वर्षांचा काळ. भोवतालची माहिती लागेल तेवढीच घे, पण ती पक्की असू दे. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाप्रमाणे तेव्हा देशात सुमारे ७,००० नर्सेस होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. त्यानंतर दहाएक वर्षांतच तुझी आजी विद्यार्थिनी म्हणून वॉर्डात उभी राहते. हे दोन आकडे शेजारी ठेवलेस की वहीतल्या रात्रपाळ्यांचा अर्थ ऐकणाऱ्याला आपोआप लागेल.

दुसरा धागा मिशनचा. मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं, तेव्हा परक्या माणसाचं अंग पुसणं, बेडपॅन उचलणं, रात्री घराबाहेर राहणं ही कामं 'चांगल्या घरच्या' बाईने करायची नाहीत असंच बहुतेकांना वाटत होतं. जात, विटाळ, अब्रू सगळं त्यात आलं. म्हणून रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन ही स्त्रियांची संस्था काढून विधवा मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला धाडलं, याचं मोल मोठं आहे. त्यांच्याही आधीचं नाव तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे: १८९१, बाई काशीबाई गणपत, प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय परिचारिका. एका ओळीत संपतं. एवढ्या मोठ्या बाईला एकच ओळ, हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. तुझ्या आजीला तर तीही मिळालेली नाही. ती कोणत्या घरातून आली, कोणी पाठवलं, कोणी अडवलं, हे तुला तिच्याच तोंडून ऐकायला मिळू शकतं.

वहीला जोड म्हणून इतर कागद लागतील. हॉस्पिटलचे वार्षिक अहवाल मिळतात का, ते तिथल्या कार्यालयात रीतसर अर्ज देऊन विचार. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनचं 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' १९१० पासून निघतं, त्याचे त्या वर्षांचे अंक चाळ. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचा संग्रह, आहे. तिथे जाण्याआधी काय शोधायचं ते कागदावर लिहून ने, नाहीतर दिवस रुमाल (जुन्या कागदांची कापडी गाठोडी) सोडण्या-बांधण्यातच जाईल.

एका बाबतीत तुला निक्षून सांगते. त्या वहीतल्या बायकांची नावं पेपरमध्ये, स्लाइडवर, फोटोत कुठेही दिसता कामा नयेत. सत्तर वर्षं झाली म्हणून काय झालं, त्यांच्या लेकीसुना त्याच गावांत आहेत. नावांवर पट्टी टाक. आजीचीही लेखी संमती घे आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीला आधी विचार.

पेपर पहिल्यांदा स्टुडंट नर्सेस असोसिएशनच्या स्पर्धेत किंवा कॉलेजच्या एखाद्या सेमिनारमध्ये मांड. अमेरिकन असोसिएशन फॉर द हिस्टरी ऑफ नर्सिंगची दरवर्षी परिषद भरते, तिचाही विचार पुढे कर, पण लोकांचे प्रश्न एकदा अंगावर घेतल्यावर. गोषवारा कुठेही पाठव, त्यात प्रश्न काय, कोणते मूळ कागद पाहिले, कसे पाहिले आणि काय हाती लागलं, हे चारही सांगायला हवं. 'प्रकाश टाकण्यात येईल' असली वाक्यं लिहू नकोस, जे सापडलं तेच लिही. मांडताना ते एक पान पडद्यावर मोठं दाखव, चार रिकाम्या जागांवर बोट ठेव आणि तिथूनच बोलायला सुरुवात कर. स्लाइड सातआठ पुरेत. घड्याळ लावून घरी तीनदा मोठ्याने म्हणून बघ.

हे सगळं मात्र नंतर. आजी आता नव्वदीकडे झुकलेली आहे, असं तूच लिहिलं आहेस. परीक्षा संपायची वाट बघू नकोस, येत्या सुट्टीत घरी जा. दुपारी ती झोपून उठली, चहा झाला, की जवळ बस. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बोलायला लावू नकोस. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तिला विचार, मग वही तिच्या मांडीवर ठेव आणि पहिल्या पानावरची तारीख तिलाच वाचू दे.

तुझी,
मार्गदर्शक ताई