सहावीतल्या मुलाला ‘ट्रेझर आयलंड’ झेपेल का? वाचलेल्या मुलांचं मत काय?

झेपेल, द्या. फक्त संक्षिप्त आवृत्ती देऊ नका आणि सुरुवातीची काही प्रकरणं स्वतः मोठ्याने वाचून दाखवा.

फास्टर फेणेचा फडशा पाडलेल्या मुलाला स्टीव्हन्सनची ही कादंबरी द्यायची का, असा तुमचा प्रश्न आहे. कुणी ‘अफलातून’ म्हणतं, कुणी ‘रटाळ’, म्हणून तुम्ही गोंधळलात. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, शनिवारी संध्याकाळी कॉलनीतल्या पोरांना पुस्तकं वाचून दाखवतो. ही कादंबरीही मराठीतून वाचून झाली, त्यामुळे मतं पोरांच्याच तोंडून ऐकलीत.

मोठी माणसं या पुस्तकाचा विषय निघाला की नकाशा, खजिना, चाचे यांवरच बोलतात. पोरांना खजिन्याचं तेवढं पडलेलं नसतं. त्यांचा जीव अडकतो लाँग जॉन सिल्व्हरमध्ये. एक पाय तुटलेला, काखेत कुबडी, खांद्यावर पोपट, जहाजावरचा आचारी. गोष्ट सांगणाऱ्या जिम या पोराशी तो इतकं गोड बोलतो की पोरं पार विरघळतात. मग येतं सफरचंदांच्या पिंपाचं प्रकरण. सफरचंद घ्यायला जिम पिंपात उतरतो. पिंप जवळजवळ रिकामं, आत अंधार, जहाजाच्या हेलकाव्यांनी त्याला पेंग येते. तेवढ्यात कुणीतरी धपकन पिंपाला टेकून बसतं आणि बोलू लागतं. आवाज सिल्व्हरचा! बंडाचा कट तर शिजतोच आहे, पण त्याआधी तो एका तरुण खलाशाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय, आणि तेही अगदी त्याच शब्दांत, जे त्याने जिमला ऐकवले होते. आमच्याकडे चिडीचूप. एक पोरगी तेवढी म्हणाली, “म्हंजे ह्यो सगळ्यांनाच असं म्हणतोय व्हय?” खुनाच्या बेतापेक्षा तिला हे जास्त लागलं होतं. तिथून पुढे सिल्व्हर चांगला की वाईट यावर जी भांडणं जुंपली, ती पुस्तक संपलं तरी मिटली नाहीत. तो शेवटपर्यंत पारडं बघून बाजू बदलतो, आणि तरीही जिमचा जीव वाचवतो. आमच्यातला निम्मा गट अजून “लंगडाच भारी” म्हणतो.

आता रटाळपणाची तक्रार. ती खोटी नाही. शिडं, डोलकाठ्या, नांगर, भरती-ओहोटी यांची वर्णनं पानंच्या पानं चालतात आणि आमच्या पोरांचा समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याची सहल. अशा ठिकाणी मी थांबून सांगतो. बेटावर एकटा सोडलेल्या बेन गन या खलाशाच्या बकऱ्याच्या कातड्याच्या होडीत जिम बसतो आणि ती जागच्या जागी गरागरा फिरते, हे काही केल्या कळेना. शेवटी, गुऱ्हाळातली काहील कृष्णेत सोडली तर कशी फिरेल, असं म्हटल्यावर सगळ्यांना लख्ख दिसलं. दुसरी अडचण सोळाव्या प्रकरणात. तोवर जिम गोष्ट सांगत असतो, तिथून तीन प्रकरणं डॉक्टर लिव्हसी सांगतात. हे आधी सांगून टाका, नाहीतर ‘मी’ म्हणजे कोण यावरच घोडं अडतं.

मुलींची तक्रार वेगळी: जिमची आई सोडली तर बाईमाणूस दिसतच नाही. त्याचं कारण मजेशीर आहे. १८८१ च्या पावसाळी सुट्टीत स्कॉटलंडमध्ये स्टीव्हन्सनने आपल्या सावत्र मुलासोबत एका बेटाचा नकाशा रंगवला, त्यातून गोष्ट सुचली. या पोराचं फर्मान होतं, गोष्टीत बायका नकोत! स्टीव्हन्सनचे वडीलही इतके रंगले की गोष्टीतल्या बिली बोन्स या म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीतल्या सामानाची यादी त्यांनीच करून दिली. आमच्या मुलींना अर्थातच हे कारण पटलं नाही, आणि मलाही ते समर्थन वाटत नाही.

वाचकांच्या मतांवर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा. ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात ही कादंबरी टोपणनावाने क्रमशः आली तेव्हा तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. १८८३ मध्ये पुस्तक निघालं आणि मग मोठ्या माणसांनी ती डोक्यावर घेतली.

अनुवाद विकत घेताना अनुक्रमणिका उघडून बघा. मूळ कादंबरीत ३४ प्रकरणं आहेत. दहा-बाराच दिसली तर ठेवून द्या, कारण काटछाट करणारे मारामाऱ्या ठेवतात आणि सिल्व्हरचं बोलणं कापतात.

दारू आणि खूनखराबा भरपूर आहे, तेवढ्यावरून पुस्तक लांब ठेवू नका. फक्त सव्विसावं प्रकरण आधी एकदा स्वतः वाचा. इस्रायल हँड्स हा बंडखोर खलाशी सुरा घेऊन जिमच्या मागे लागतो तो प्रसंग बराच अंगावर येतो. घरात धाकटं भावंड असेल तर ते रात्री झोपताना वाचायला घेऊ नका. दिवसाउजेडी वाचा.