लिंबातून नोट निघते, पण "ती हीच" हे पटत नाही

तुम्ही लिहिलंय की प्रेक्षकाकडून उसनी घेऊन नाहीशी केलेली नोट लिंबातून नीट निघाली, तिच्यावरचा नंबरही जुळला, तरी पहिल्या रांगेतून कोणीतरी "ही दुसरीच असणार" म्हणालं आणि टाळ्या तिथेच विरल्या. हे वाचून राहवलं नाही, कारण याच दुखण्याने मला फार छळलंय. नोटेची अदलाबदल, लिंबाची तयारी हे तुम्हाला येतंच असणार, आणि ते उघड्यावर लिहिणं मला पटतही नाही. ते सोडून देतो.

माझ्या मते दुखणं लिंबात नाही, नंबरात आहे. नंबर एकाने वाचायचा, दुसऱ्याने लिहून घ्यायचा आणि बाकीच्यांनी नुसता ऐकायचा. शेवटी तो पुन्हा वाचला जातो तेव्हा अख्खी खोली त्या दोघांच्या शब्दावर विसंबून असते. आकडे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. वर ते एकेक करून जुळवताना ऐन रंगात आलेला प्रयोग थंड पडतो.

हा नंबरवाला प्रकार माझ्या गळ्यात मारला तो जादूचं सामान विकणाऱ्या एका दुकानाने. नाव घेत नाही. चांगले पैसे मोजून घेतलेल्या संचात एक घडी घातलेला कागद निघाला. त्यात सूचना काय, तर जादूगाराने नंबर मोठ्याने वाचून दाखवावा. जादूगारानेच! ज्याच्यावर संशय यायचा, त्यानेच साक्ष द्यायची. लोकांना पटत नाही म्हणून विचारायला गेलो, तर "गुपित उघडलं की माल परत घेत नाही" हे एकच उत्तर. माल परत नका घेऊ, ते मला मान्य आहे. पण शंका तरी ऐकून घ्या! दुकानात प्रयोग दाखवताना नोट त्यांची होती आणि प्रेक्षकही त्यांचाच होता, त्यामुळे ही अडचण तिथे दिसलीच नाही. पैशांपेक्षा त्या कागदावर भरवसा ठेवून वाया गेलेले कार्यक्रम मला जास्त लागले. म्हणून कळकळीने सांगतो, सामान घेण्याआधी नोट तुमची द्या आणि मग दाखवायला सांगा.

आता उपाय. पुरावा प्रेक्षकाच्या हातात राहू दे. नोटेचा आधीच फाडून घेतलेला कोपरा त्याच्या मुठीत असेल आणि शेवटी त्याने स्वतः तो नोटेला लावला, तर कडेला कड बसलेली शेजारच्यालाही दिसते. नोटेवर त्याची सही त्याहून भक्कम, पण मग तीच नोट खरोखरच लिंबात पोचवावी लागते, आणि ते काम वेगळं. सही पक्क्या शाईच्या मार्करनेच घ्या, साध्या स्केचपेनची शाई रसात पसरते. कागदी नोटा बहुतेक ठिकाणी कापसाच्या धाग्यांपासून करतात, म्हणून ओल्या झाल्या तरी विरघळत नाहीत. पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, नोटा मात्र निराळ्या. ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये अशी नोट चलनात आणली, आता बऱ्याच देशांत त्या आहेत. त्यांची गुंडाळी हातातून सुटली की उलगडते. कोपरा सहजी फाटत नाही, आणि एकदा चीर पडली की सरसर नको तितका फाटत जातो. तिथे सहीच बरी. (नोटेवर लिहिणं किंवा ती फाडणं तुमच्याकडे नियमात बसतं का, हे आधी बघा. मी कायद्याचा जाणकार नाही.)

दुसरं, लिंबू आधी, नोट नंतर. नोट मागण्यापूर्वीच लिंबू कोणाच्या तरी हातात देऊन ठेवा, आणि मधे एखादा दुसरा प्रयोग होऊ द्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमिल जॅरो या जादूगाराने लिंबाचा हा प्रयोग गाजवला. टेरी सीब्रूक या इंग्रज जादूगाराच्या प्रयोगात उसनी नोट जळते आणि पाकिटात सापडते. तिथे लोकांचा जीव आधीच त्या नोटेत अडकलेला असतो, म्हणून ती सापडल्यावर "हीच का?" असं विचारायचं कोणाला सुचत नाही. तुमची नोट फार पटकन नाहीशी होते की काय, अशी मला शंका आहे. तसं असेल तर लोकांना तिची काळजी वाटायला वेळच मिळत नाही. जाळण्याचा भाग मात्र छोट्या खोलीत टाळाच.

कापायचं कसं, हे कोणी नीट सांगत नाही. सुरी आरपार घालू नका. लिंबाच्या मध्यावर फक्त सालीपुरती चीर गोल फिरवा, मग दोन्ही हातांनी उलटसुलट पिळून अर्धी वेगळी करा. एका अर्ध्यातून गुंडाळी उभी बाहेर आलेली दिसते. तिथे थांबा, आणि ती मालकालाच ओढू द्या. सुरी मात्र प्रेक्षकाच्या हातात देऊ नका. जाड सालीचं लिंबू घ्या. रस फार उडत असेल तर संत्रं सोपं.

माझे प्रयोग बहुतेक लहान खोल्यांतले, मोठ्या रंगमंचाचं गणित वेगळं असू शकेल. तरी पुढच्या वेळी नंबर पूर्ण वगळा, त्या पहिल्या रांगेतल्या माणसालाच कोपरा धरायला द्या आणि काय झालं ते इथे लिहा. हात पुसायला फडकं जवळ ठेवा, आणि मालकाला ओली नोट नको असेल तर बदल्यात द्यायला एक कोरडी.