आवाज चढत नाही, म्हणून राजीनामा?

प्रश्न : ताई, आम्ही कर्वेनगरला ३६ फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. कमिटीतल्या महिलांच्या २ राखीव जागा भरायच्या म्हणून माझं नाव घातलं, आणि कुणीच तयार होईना म्हणून सेक्रेटरीही मलाच केलं. उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले. रोज सकाळी खाली जाऊन टाकी बघायचे, किती टँकर आले ते मुलीच्या जुन्या वहीत लिहायचे. बी विंगला पाणी कमी आलं तेव्हा सगळे वॉचमनवर तुटून पडले. ‘व्हॉल्व्ह उशिरा सोडायला मीच सांगितलं होतं,’ एवढंच मी म्हणाले. पण मीटिंगमध्ये एका सभासदांनी आवाज चढवला आणि मला शब्द फुटेना. पार्किंगच्या भांडणात दोन्ही बाजूंना ‘बघते’ म्हणाले, आता दोघंही माझ्यावर नाराज. मिस्टर म्हणतात, तुझ्या अंगात लीडरशिप नाही. राजीनामा देऊ, की व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू?

उत्तर : राजीनामा अजिबात देऊ नका. वॉचमनची गोष्ट तुम्ही दोन ओळींत उरकलीत, मी मात्र तिथेच थांबले. चिडलेल्या माणसांसमोर, ज्याची नोकरी एका तक्रारीवर जाऊ शकते अशा माणसाच्या पुढे तुम्ही उभ्या राहिलात आणि दोष आपल्याकडे घेतलात. मोठ्या आवाजाच्या किती जणांना हे जमतं? त्या दिवसापासून तो वॉचमन तुमचा शब्द खाली पडू देत नसेल, याची मला खात्री आहे.

ज्यांच्या नावाच्या भागात तुम्ही राहता, ते धोंडो केशव कर्वे अत्यंत भिडस्त होते. तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि मग चिखल तुडवत पायी हिंगण्याला जायचं, असा त्यांचा क्रम होता. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर झोपडीत नेला. विधवांच्या शिक्षणासाठी दारोदार वर्गणी मागताना टोमणे खाल्ले, पण काम सोडलं नाही. सभा गाजवणारा हा माणूस नव्हे. तरी लोकांनी आपल्या लेकीसुना त्याच्या भरवशावर पाठवल्या.

आता जिथे तुमचं चुकतंय तेही सांगते, कारण ते महत्त्वाचं आहे. पार्किंगवाल्या दोघांना ‘बघते’ म्हणालात. वाईटपणा नको म्हणून आपण बायका हा शब्द फार वापरतो. ऐकणाऱ्याला मात्र तो होकार वाटतो. दोघांना एकत्र बोलवा. नियमात काय बसतं ते सांगा आणि ज्याला नाही म्हणायचंय त्याला तोंडावर नाही म्हणा. तो चार दिवस बोलणार नाही, पण तुमच्या ‘हो’ला नंतर किंमत येईल. भिडेखातर दिलेला शब्द पाळता येत नाही, आणि माणसं नेमकं तेच लक्षात ठेवतात.

दुसरं, पाण्याचं सगळं एकटीनं ओढू नका. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी लावावी लागते. त्या नोटिशीशेजारी वहीतला हिशोब लावा: कोणत्या महिन्यात किती टँकर, बिल किती, फ्लॅटमागे किती पडले. सभेत ते गृहस्थ ओरडले, तर त्यांना पूर्ण बोलू द्या, मध्ये तोडू नका. मग त्यांचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा, ‘बी विंगला सकाळी पाणी पुरत नाही, असंच ना?’ त्यांची तक्रार खरी असेल तर खरी आहे म्हणा. आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकरची जबाबदारी घ्याल का, असं सगळ्यांसमोर विचारा. त्यांनी घेतली आणि नीट केली, तर पुढच्या सभेत त्यांचं नाव घेऊन सांगा. कामाचं श्रेय वाटताना हात आखडू नका.

शब्द फुटत नसतील तर कागदावरून वाचा, त्यात काहीच कमीपणा नाही. घरी मुलीसमोर दोनदा मोठ्यानं वाचून बघा. क्लास हौस म्हणून लावायचा तर लावा, पण सभेनंतर. आणि मिस्टरांना एकदा सकाळी टाकी बघायला सोबत न्या.