डिजिटल इंडियाला दहा वर्षं झाली, तरी वस्तीतल्या माणसाला दलाल का लागतो? मंडळाच्या मदत केंद्रात काय ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुर्ल्याच्या वस्तीत मंडळाची खोली आहे, दोन जुने संगणक आहेत, ब्रॉडबँड घ्यायचं ठरलंय आणि लोकांची ऑनलाइन सरकारी कामं फुकट करून द्यायची आहेत. सामान काय घ्यावं, कुठे अडेल, आणि सगळं ऑनलाइन होऊनही जो तो दलालाकडेच का जातो?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सामानाची यादी त्यावरच ठरते.

आपल्याकडे आखणी करताना अडचण गावात आहे असं धरलं गेलं. 1998 साली कोल्हापूर-सांगलीच्या वारणा भागातल्या सत्तरेक गावांत संगणक बूथ बसवले. 2006 च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेत सहा लाख गावांसाठी एक लाख सामायिक सेवा केंद्रं ठरली. 2015 ला डिजिटल इंडिया आलं, तेव्हा हीच केंद्रं अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत न्यायची ठरली, आणि गावागावांत ब्रॉडबँड नेणारी भारतनेट योजनेची फायबरही ग्रामपंचायतींसाठीच आखली गेली. त्यात चूक काही नाही. पण शहरात तार आहे म्हणजे शहरातला प्रत्येक माणूस जोडलेला आहे, असं आपोआप गृहीत धरलं गेलं. मुंबईत तारांना तोटा नाही. समुद्राखालच्या कितीतरी केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं मुख्यालय तुमच्या शेजारच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. 2016 पासून डेटाही स्वस्त झाला. तरी काम अडतं ते नोंदींमुळे. आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं पासबुक या सगळ्यांवर एकच माणूस चार तऱ्हेने लिहिलेला असतो. जुन्या कारकुनाला हे चालायचं, संगणकाला चालत नाही. दलाल नेट विकत नाही. हे जुळवून देतो, निदान जुळवल्याचं भासवतो, आणि त्याचे पैसे घेतो.

म्हणून तुमच्या केंद्राचं पहिलं काम अर्ज भरणं नसून कागद शेजारी शेजारी ठेवून ते जुळतात का हे पाहणं आहे. त्याला संगणकही लागत नाही.

आता सामान. दोन जुने संगणक चालतील, मात्र ब्राउझर ताजा हवा. एक साधा फ्लॅटबेड स्कॅनर, एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर (इंकजेट घेऊ नका, आठवडाभर न वापरल्यास शाई सुकते), एक यूपीएस आणि ब्रॉडबँड बंद पडल्यावर हॉटस्पॉट द्यायला एक फोन. बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र विकायला कोणी आलं तर घेऊ नका. अधिकृत केंद्राचा आयडी नसताना त्याचा उपयोग नाही. नागरिकाने स्वतःच्या लॉगिनने स्वतःचा अर्ज भरायचा, तुम्ही शेजारी बसून सांगायचं, अशीच पद्धत ठेवा.

सगळ्यात नाजूक गोष्ट मोबाइल क्रमांक. दलालांची जुनी युक्ती म्हणजे लोकांच्या अर्जात स्वतःचा नंबर घालायचा. मग ओटीपी त्याच्याकडे, दाखला तयार झाल्याचा मेसेज त्याच्याकडे, पुढच्या वर्षी पासवर्ड बदलायचा तरी त्याच्याच दारात. घाईच्या दिवसांत मंडळाच्या पोरांनाही हा मोह होतो, कारण मावशींचा फोन घरी राहिलेला असतो. तिथे ठाम राहा, फोन घेऊन यायला सांगा. आधारला जोडलेला नंबर चालू आहे का, हे पहिल्या भेटीतच विचारा. प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही आणि त्यात पैसेही नसले तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर भलत्याच माणसाला मिळतो. नवीन योजनेच्या लोभाने सिम फेकून देणाऱ्यांना सांगा की नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. नंबर गेलाच असेल तर आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्यायचा, त्याला कागदपत्रं लागत नाहीत, ठसे लागतात. भांडी घासून किंवा गवंडीकाम करून ज्यांचे ठसे झिजलेत त्यांनी डोळ्यांच्या बुबुळांवरून पडताळणी करायला सांगावी.

दुसरं, नाव. इथे तुमचा निम्मा वेळ जाणार, आणि जाऊ द्या. रोमन लिपीत ल आणि ळ एकच, न आणि ण एकच. त्यामुळे इंग्रजीवरून आपोआप मराठी करणारी सोय ‘कांबळे’चं ‘कंबले’ करते आणि ‘दळवी’चं ‘दलवी’. अर्ज भरताना मराठी रकाना आपोआप भरलेला दिसला की लोक खूश होऊन पुढे जातात, आणि दाखला छापून आल्यावर रडतात. तो रकाना दरवेळी वाचायचा, चुकला असेल तर हाताने टाइप करायचा. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर ल च्याच कळीवर शिफ्टसह ळ मिळतो आणि र च्या कळीवर शिफ्टसह ‘ऱ्या’तला ऱ. विंडोजमध्ये मराठी कळफलक फुकट असतो, फक्त सेटिंगमध्ये जोडायचा. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पोर्टलमध्ये चिकटवू नका. त्या फॉन्टमध्ये अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे पोर्टलच्या युनिकोड रकान्यात (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) कचरा उमटतो.

स्पेलिंगचा किरकोळ फरक असेल तर आधारमध्ये नाव दुरुस्त होतं, पण आयुष्यात दोनदाच. जन्मतारीख एकदाच. म्हणून घाईने बदलू नका. आधी शाळेचा दाखला, जन्मदाखला, पॅन सगळं पाहून कोणतं रूप कायम ठेवायचं हे ठरवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांसाठी विवाह नोंदणीचा दाखला बहुतेक ठिकाणी पुरतो. पूर्ण नावच वेगळं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते, तीही आता ऑनलाइन होते. पत्त्यासाठी भाडेकरार नसलेल्यांना 2023 पासून एक चांगली वाट आहे: कुटुंबप्रमुखाच्या आधारवरचा पत्ता घरातल्या इतरांना घेता येतो. कुटुंबप्रमुखाने 30 दिवसांत ऑनलाइन संमती द्यायची असते. ती द्यायला लोक विसरतात आणि विनंती रद्द होते.

उत्पन्न वगैरे दाखल्यांचे अर्ज राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर. मुंबईत इथे एक ठरलेली चूक होते: जिल्हा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. धारावी, शीव, माहीम शहरात. वांद्रे, कुर्ला, चेंबूरपासून पुढे उपनगर, आणि त्यात कुर्ला, अंधेरी, बोरिवली असे तीन तालुके. वांद्र्याचा माणूस अंधेरी तालुक्यात येतो, हे त्याला स्वतःलाही बऱ्याचदा माहीत नसतं. जिल्हा चुकला की अर्ज भलत्या तहसीलदाराकडे जातो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. जन्म-मृत्यूचे दाखले मात्र महापालिकेचे, त्यांची वाट वेगळी.

अपलोड करताना कागदपत्राची फाइल 75 ते 500 केबीमध्ये बसवावी लागते. लोक फक्त मोठ्या फाइलीची काळजी करतात. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो बारीक होऊन 75 च्या खाली गेला तरी पोर्टल तो घेत नाही. ए-फोर कागद ग्रेस्केलमध्ये 150 डीपीआयवर स्कॅन केला तर साधारण बरोबर बसतो. शिक्का निळा किंवा फिका असेल तर रंगीत स्कॅन करा, नाहीतर तो दिसतच नाही. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून आणा असं कोणी सांगितलं तर आधी पोर्टलवरची यादी पाहा. बऱ्याच सेवांना साधं स्वयंघोषणापत्र चालतं आणि त्याचा नमुना तिथेच मिळतो. पैसे कापले गेले आणि पावती दिसली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहारांच्या यादीत दुसऱ्या दिवशी पाहा.

दाखला आल्यावर एक नवाच घोळ होतो. डिजिटल सहीचा पीडीएफ मोबाइलवर उघडला तर सही दिसत नाही, संगणकावर उघडला तर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, आणि कॉलेजचा कारकून म्हणतो, हा खोटा. संगणकावरच्या पीडीएफ रीडरमध्ये सही पडताळून हिरवी खूण आणा आणि मग छापा. दाखल्यावरचा क्रमांक पोर्टलवर टाकून खात्री करता येते, तेही कारकुनाला दाखवा. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला मान्यता आहे. डिजिलॉकर या कागद ठेवण्याच्या सरकारी ॲपबद्दलही असाच गोंधळ आहे. सरकारने थेट पाठवलेला कागद मूळ प्रतीइतका ग्राह्य. आपणच फोटो काढून टाकलेला कागद नुसता साठवलेला असतो, त्याला ती किंमत नाही.

लोकांचे कागद तुमच्या संगणकावर ठेवू नका. ब्राउझर पाहुण्याच्या (गेस्ट) मोडमध्ये उघडा, पासवर्ड साठवू नका, स्कॅनचं फोल्डर आणि रिसायकल बिन रोज रात्री रिकामं करा. नुसती ओळख दाखवायला शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार पुरतं.

अडलेल्या अर्जासाठी तुमच्या हातात खरं हत्यार आहे ते 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. माझ्या मते मंडळाने एवढी एकच गोष्ट नीट केली तरी वस्तीतला दलालीचा निम्मा धंदा बसेल, कारण दलाल ‘आत ओळख आहे’ हेच विकत असतो. त्यासाठी एक वही ठेवा: अर्जाचा क्रमांक, तारीख, मुदत संपण्याची तारीख. नाव-पत्ता त्यात लिहू नका.

वेळापत्रकाचं म्हणाल तर गर्दी जूनमध्ये होते, दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर, आणि पोर्टलही तेव्हाच रडतं. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंत चालतो, तेव्हा नवा अर्ज एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच भरून टाका. ओबीसी वगैरेंच्या सवलतीसाठी नॉन-क्रीमी लेयरचा दाखला काढणाऱ्यांना तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, त्यांना फेब्रुवारीपासून कागद गोळा करायला लावा. आणि केंद्र संध्याकाळी सातनंतर व रविवारी उघडं ठेवा. सकाळी दहा ते पाच ठेवलंत तर रोजावर जाणारा माणूस येणारच नाही.